अध्यक्षाची खुर्ची आणि मैदानावरचा खेळाडू

सातारा-सांगलीकडच्या माणसाला खेळ म्हटला की आधी कुस्ती आठवते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला गेले ते लोकांनी जमवून दिलेल्या पैशांवर, आणि कांस्यपदक घेऊन आले. पैसा लोक देतील, घाम खेळाडू गाळेल. पण देशाच्या नावाने मैदानात उतरायचं तर त्या खेळाच्या राष्ट्रीय महासंघाची मान्यता लागते. म्हणून महासंघाचा अध्यक्ष कोण आणि किती वर्षं, हा प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही. फुटबॉलमध्ये याचा अनुभव अलीकडेच आला, आणि त्यातले अध्यक्ष आपल्याच राज्यातले, गोंदियाचे प्रफुल्ल पटेल.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्षपद प्रियरंजन दासमुन्शी यांच्याकडे १९८८ पासून वीस वर्षं होतं. २००८ मध्ये ते गंभीर आजारी पडले आणि कार्यभार पटेलांकडे आला. २००९ मध्ये ते रीतसर निवडून आले, पुढे २०१२ आणि २०१६ मध्येही.

त्यांच्या काळातली जमेची बाजू मोठी आहे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्याचे काही सामने नवी मुंबईत रंगले आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. २०१९ मध्ये पटेल फिफाच्या कौन्सिलवर निवडून गेले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

मग बिघडलं कुठे? तेव्हाच्या क्रीडा संहितेनुसार महासंघाच्या अध्यक्षाला जास्तीत जास्त बारा वर्षं मिळत. पटेलांची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली. महासंघाच्या नव्या घटनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असल्याने निवडणूक घेता येत नाही, असं महासंघाचं म्हणणं होतं. तसंच दीड वर्ष गेलं. अखेर मे २०२२ मध्ये न्यायालयाने त्यांची कार्यकारिणी दूर करून कारभार तीन सदस्यांच्या प्रशासकीय समितीकडे सोपवला.

इथे दुसरा नियम आडवा आला. महासंघाचा कारभार त्याच्या निवडलेल्या माणसांनीच पाहावा, बाहेरच्यांनी नव्हे, असा फिफाचा दंडक आहे. १५ ऑगस्ट २०२२ रोजी फिफाने भारताला निलंबित केलं. त्या वेळी केरळच्या गोकुलम क्लबच्या मुली आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. त्यांना न खेळताच परतावं लागलं. यात त्यांचा काय दोष होता?

न्यायालयाने समिती बरखास्त केली आणि २६ ऑगस्टला बंदी उठली. २ सप्टेंबरच्या निवडणुकीत माजी गोलरक्षक कल्याण चौबे यांनी बायचुंग भुतियाचा ३३ विरुद्ध १ मतांनी पराभव केला. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही ऑक्टोबरमध्ये भारतातच पार पडला.

अकरा दिवसांत सारं मिटलं, पण हुकलेले सामने त्या मुलींना परत मिळाले नाहीत. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली असती, तर ही वेळच आली नसती. २०२२ मध्ये राष्ट्रीय अध्यक्ष राज्य संघटनांच्या मतांवर ठरला आणि राज्य संघटनेच्या खाली जिल्ह्यांच्या संघटना असतात. तेव्हा आपल्या मुलाला बूट घेऊन देताना जिल्हा संघटनेची निवडणूक शेवटची कधी झाली, हेही एकदा विचारावं. विचारणारे पालक असले, की खुर्चीवरच्या माणसालाही तारखेची आठवण राहते.