दरडीनंतरचं तात्पुरतं घर

दरड कोसळली किंवा पूर आला, की पहिला निवारा ठरलेलाच: जिल्हा परिषदेची शाळा, नाहीतर मंगल कार्यालय. पूर ओसरल्यावर बरीचशी माणसं चिखल उपसून घरी परततात. दरडग्रस्तांना परतायला जागाच उरत नाही, आणि शाळा तर पुन्हा भरवावी लागते. म्हणून मधल्या काळासाठी वेगळं छप्पर लागतं.

हा मधला काळ बरेचदा लांबतो. पुणे जिल्ह्यातलं माळीण जुलै २०१४ मध्ये गाडलं गेलं. वाचलेल्यांना नवी घरं मिळाली २०१७ मध्ये. तोवर पत्र्याच्या शेडमध्येच संसार. रायगडमध्ये तळीये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) इथल्या कुटुंबांसाठी कंटेनर आणले गेले. कंटेनर ट्रकने येतो, क्रेनने उतरवता येतो, भर पावसातही झटपट उभा राहतो. पण आत चूल पेटवता येत नाही, शेळ्या-कोंबड्या बांधायला आडोसा नसतो आणि एप्रिल-मेमध्ये पत्रा तापला की दुपारी आत बसवत नाही. वर सावलीचं छप्पर आणि बाहेर थोडा ओटा दिला तर बराच फरक पडतो. हा खर्च टाळणं मला तरी कोतेपणाचं वाटतं.

शहराजवळ भाड्याची खोली सोयीची. शेतावर पोट असलेल्याला मात्र ती लांब पडते. नातेवाइकांकडे राहणारे सरकारी नजरेतून सुटण्याची भीती असते, तेव्हा पंचनाम्यात आपल्या कुटुंबाचं नाव आलंय ना, हे तलाठ्याकडे स्वतः जाऊन पाहावं.