पलाऊचा सागर आणि पाणबुड्याचा संयम

प्रशांत महासागराच्या पश्चिम भागात, फिलिपाइन्सच्या पूर्वेस वसलेल्या पलाऊ या द्वीपराष्ट्राची लोकसंख्या वीस हजारांच्याही आत असली, तरी त्याच्या अमलाखालील सागराचा इलाखा महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे. आणि या जलराशीत उतरणाऱ्या पाणबुड्याला जे वैभव दिसते, ते निसर्गाच्या औदार्याइतकेच मनुष्याच्या संयमाचेही फळ आहे.

संयमाचा पहिला पाठ शरीराला मिळतो. पाण्यात दर 10 मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढत असल्याने 20 मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट होतो; कूस्तो आणि गान्यां यांनी 1943 मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध केलेले नियंत्रक यंत्र टाकीतील हवा नेमक्या त्याच दाबाने पुरविते, म्हणूनच तेथे श्वास घेता येतो. परंतु तो श्वास कोंडून कोणी वर आला, तर प्रसरण पावणारी हवा फुप्फुसे फाडू शकते. आणि घाईने वर येणाऱ्याच्या रक्तातील नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने सांध्यांत व मज्जारज्जूत घात करतो.

‘ब्लू कॉर्नर’ या प्रख्यात स्थळी भरती-ओहोटीचा प्रवाह प्रवाळाच्या उभ्या कड्यावर आदळून वर उसळतो. पाणबुड्या निर्जीव खडकाच्या खाचेत बोथट आकडा अडकवितो, त्याची दोरी जाकिटाच्या कडीला बांधतो आणि प्रवाहात अधांतरी स्थिर राहतो. समोर प्लवकांवर तुटून पडलेले लहान मासे, त्यांच्यामागे बाराकुडांचे थवे, आणि कड्याच्या काठाने शेपटीच्या मंद हेलकाव्यासरशी प्रवाह कापीत जाणाऱ्या करड्या मुशी.

या मुशी तेथे टिकल्या, त्यामागे कायद्याचे पाठबळ आहे. माशांच्या विणीच्या काळात प्रवाळक्षेत्रात मासेमारीस मनाई करण्याचा ‘बुल’ हा तेथील गावप्रमुखांचा जुना शिरस्ता. त्याच परंपरेला अनुसरून सरकारने 2009 मध्ये आपला सारा सागर मुशींसाठी अभयक्षेत्र म्हणून जाहीर केला, आणि 1 जानेवारी 2020 पासून सागरी हद्दीचा सुमारे 80 टक्के भाग मासेमारीस बंद केला.

2017 पासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पारपत्रावर, बेटांची नासधूस न करण्याची, पलाऊच्या मुलाबाळांना उद्देशून लिहिलेली प्रतिज्ञा उमटविली जाते आणि तिच्याखाली त्याची सही घेतली जाते. प्रवाळाला हात न लावणे, शिंपलाही न उचलणे, प्राण्यांचा पाठलाग न करणे, एवढे ज्याला साधेल, त्यानेच त्या पाण्यात उतरावे.