टायर घेताना भाव नंतर, माप आधी

समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि मेहकर, सिंदखेडराजाहून नागपूर जवळ आले. पण सिमेंटच्या रस्त्यावर, विदर्भाच्या उन्हात, ताशी १२० च्या वेगाने टायर फार तापतो. चारही चाकांना सतत ताकद देणारी वेगवान गाडी बाळगणाऱ्या व्यापारी बांधवांनी दोनच टायर बदलू नयेत, असे आम्हांस वाटते. नव्या-जुन्यांच्या घेरात फरक पडतो आणि मधल्या गिअरांवर ताण येतो. लॉट बदललेल्या ताक्याचा रंग जुळत नाही, तसेच हे. चारही एकाच मापाचे, एकाच नक्षीचे घ्यावेत. बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत : १२२४ म्हणजे २०२४ चा बारावा आठवडा. जुना माल सवलतीत मिळतो, तो नको. वेगाचे अक्षर मूळ टायरापेक्षा खालचे नसावे. 'एच' म्हणजे ताशी २१०. हवा मात्र सकाळी, टायर थंड असतानाच तपासावी.