काचेच्या पेटीतील तळाची माती

आपल्या विद्यालयाच्या प्रयोगशाळेतील पाणवनस्पतींची मत्स्यपेटी आता बऱ्याच माजी विद्यार्थ्यांच्या परिचयाची झाली आहे. भेटीस येणारे पालकही तिच्यापुढे थांबतात आणि बहुधा एकच प्रश्न विचारतात : झाडे मातीत लावली आहेत की वाळूत? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर शोधताना आम्ही अकरा मासे गमावले. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर सविस्तर लिहून ठेवणे आम्हांला कर्तव्य वाटते.

पेटी माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने भेट दिली. ९० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद, ४५ सेंमी उंच. तळाशी काय घालावे हा निर्णय आमच्याकडे आला, आणि आम्ही पडलो इतिहासाचे शिक्षक. काळ्या मातीत पीक येते, तर पाणवनस्पती का येऊ नयेत, एवढ्याच तर्कावर आम्ही शेणखत घातलेली शेतातील काळी माती आणविली आणि तिचा चांगला चार बोटे जाड थर दिला. पाणी गढूळच राहिले. तशातच तिसऱ्या दिवशी मासे सोडले. लवकरच ते पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागले आणि दहा दिवसांत एकही उरला नाही. वसतिगृहातील मुलांनी त्यांना नावे ठेवली होती. 'दृष्ट लागली' असेही कुणी म्हणून गेले. ज्या आवारात रोज सकाळी पंचशील ग्रहण केले जाते आणि त्यातील पहिलेच शील प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे आहे, तेथे आमच्या अज्ञानाने जीव गेले होते. आठवीतील एका मुलीने "सर, कारण काय?" असे विचारले, तेव्हा दृष्टीवर भागवणे शक्य नव्हते. ऐकीव गोष्ट ऐकीव आहे म्हणून स्वीकारू नये, हे कालाम सुत्ताच्या आधारे आम्हीच तिला शिकविले होते.

कारण तळाशीच होते. शेणखत पाण्याखाली कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि अमोनिया सुटतो. तो माशांच्या कल्ल्यांना घातक असतो. निसर्गात त्याची वाट जीवाणू लावतात. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट. हे नायट्रेट बरेच कमी घातक असून वनस्पतींचे अन्न आहे. हे जीवाणू वाळूच्या, मातीच्या कणांवर वस्ती करतात, आणि ती वस्ती पुरेशी वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही त्यांना तीन दिवस दिले होते. विज्ञान शिक्षिकांनी चाचणी केली तेव्हा जे पाणी पिवळे राहावयास हवे होते ते गडद हिरवे झाले. शिवाय काळी माती भिजली की फुगते. तिचे अतिसूक्ष्म कण दाबून बसतात, आत प्राणवायू पोचत नाही आणि तेथे हायड्रोजन सल्फाइड साठतो. थर उपसताना सडक्या अंड्यांचा तो वास प्रयोगशाळेत कोंदला होता.

मात्र यावरून माती त्याज्य ठरत नाही. सवयीप्रमाणे आम्ही जुन्या प्रयोगांचा शोध घेतला. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भांड्याच्या तळाशी वाळू आणि चिखलच होता. त्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती होती. कुजक्या पानांनी पाणी बिघडू लागले तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या आणि तोल साधला. अलीकडे अमेरिकेतील डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ सालच्या आपल्या ग्रंथात साध्या मातीचा पातळ थर आणि त्यावर वाळूचे झाकण ही पद्धत शास्त्रीय आधारासह मांडली. आमची चूक माती घालण्यात नव्हती. ती कोणती घातली, किती घातली आणि उघडी ठेवली, यांत होती.

बाजारात भाजलेल्या मातीचे तयार दाणे मिळतात. जपानच्या ताकाशी अमानो यांच्यामुळे ते जगभर पोचले. झाडे त्यांत उत्तम वाढतात. पण ते महाग असतात, अनेक दाणे पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडतात आणि एकदोन वर्षांनी भुगा होऊ लागतात. पाण्यातील क्षार शोषून ते पाणी मृदू करतात. आपल्या बोअरच्या दुष्फेन पाण्यात हा गुण लवकर संपतो. शाळेच्या पैशाने ते घेणे आम्हांस उचित वाटले नाही. रंगीत खडे तर घेऊच नयेत. त्यांच्या फटींत माशांचे खाणे अडकून सडते आणि मुळांना धरायला काही मिळत नाही.

आम्ही निवडली ती रोपवाटिकेतील लाल माती, खत न मिसळलेली. तिच्यात लोह असते आणि ते झाडांना उपयोगी पडते. माती चाळून, बादलीत भिजवून, वर तरंगणारा काडीकचरा ओतून टाकावा. असे चारपाच वेळा करावे. तिचा अडीच सेंमीचा थर. त्यावर चार सेंमी जाडसर वाळू, दाणा एक ते तीन मिलिमीटरचा. नदीतून परस्पर वाळू उचलणे बेकायदा आहे. आम्ही बांधकामातून उरलेली घेतली. खडी दळून केलेली वाळू मात्र टाळावी. तिची भुकटी पाणी गढूळ करते आणि धारदार कण तळाशी वावरणाऱ्या माशांना टोचतात.

वाळू घेण्यापूर्वी तिच्यावर व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे आले तर तिच्यात चुना आहे आणि तो हळूहळू पाणी अधिक दुष्फेन करील. मुलांना हा प्रयोग फार आवडला. दख्खनचा काळा पाषाण फसफसत नाही, पण त्याच्या पोकळ्यांत कॅल्साइटचे स्फटिक असतात आणि ते फसफसतात, हे त्यांनी स्वतः शोधून काढले. शिंपले, प्रवाळ, संगमरवराचे तुकडे याच कसोटीवर बाद झाले. हिशेबही त्यांनीच केला : ९० × ३० × ४ म्हणजे १०,८०० घनसेंमी, जवळजवळ ११ लिटर वाळू, लिटरला सुमारे १.६ किलो धरून १७ किलो. धुण्यास दोन तास लागले. पाणी नितळ निघेपर्यंत धुवावे लागते, येथे आळस चालत नाही.

पेटीत पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर ओतले, म्हणजे खालची माती उसळत नाही. व्हॅलिसनेरिया वाळूत रोवली. जावा फर्न आणि अनुबियास यांचे आडवे खोड पुरले तर कुजते, म्हणून ती दगडाला दोऱ्याने बांधली. पुढे सहा आठवडे पेटीत एकही मासा नव्हता. पाहुणे हसत. नायट्राइट आणि अमोनिया दोन्ही शून्यावर आल्यावरच सहा गप्पी सोडले. दुष्फेन पाणी त्यांना मानवते. तळ उपसावा लागलेला नाही.

संमेलनास येताना कुणी रोपे आणणार असल्यास व्हॅलिसनेरियाची जरूर आणावीत. दुसरी पेटी तयार होत आहे. ओढ्यातून किंवा पठारावरून उपटून काही आणू नये. साताऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा वायतुरा दुर्मीळ आहे, तो तेथेच असू द्यावा. आणि रोपे आणल्यावर ती आधी बादलीत आठवडाभर ठेवण्याची मुभा आम्हांस द्यावी, कारण पानांना चिकटून गोगलगायींची अंडी येतात. त्या हव्यात की नकोत, यावर नववीच्या वर्गात अद्याप वाद चालू आहे.