तापलेल्या जनरेटरमध्ये इंधन ओतू नका

१२ ऑक्टोबर २०२०चा सोमवार मुलुंडकरांच्या लक्षात असेल. सकाळी दहाच्या सुमारास ग्रिडमध्ये बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. मुलुंड पश्चिमेच्या एका खासगी रुग्णालयात जनरेटरवर काम चालू होते. संध्याकाळी त्या जनरेटरनेच पेट घेतला. सुमारे ४० रुग्णांना दुसरीकडे हलवावे लागले आणि एक वृद्ध रुग्ण दगावला.

रुग्णालयाचे जाऊ द्या, आपल्या सोसायटीचा जनरेटर आठवून बघा. लिफ्ट आणि पंपासाठी घेतलेला, महिनोन् महिने ताडपत्रीखाली पडलेला. वीज गेली की सगळे एकाच वेळी खाली फोन करतात आणि वॉचमन मोबाइलच्या उजेडात, चालू यंत्रातच कॅन उपडा करतो. गणपतीच्या मंडपामागे हेच घडते. पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटणारे आणि गवत कापणारे कामगारही गरम यंत्रातच पेट्रोल ओततात.

पेट्रोलपेक्षा त्याची वाफ आधी पेट घेते. ही वाफ कडाक्याच्या थंडीतही निघते, हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. डिझेल इतक्या सहज पेटत नाही; पण तापलेल्या सायलेन्सरवर सांडले तर तेही पेटू शकते. म्हणून यंत्र बंद करून किमान पंधरा मिनिटे थंड होऊ द्यावे. इंधन मोकळ्या जागी, नरसाळे लावून भरावे. टाकी काठोकाठ भरू नये. सांडलेले पुसून, कॅनचे झाकण लावून तो दूर ठेवावा. हातात उचलायचे यंत्र असेल तर भरल्या जागेपासून दहा-एक फूट लांब नेऊन चालू करावे. तेवढा वेळ लोक अंधारात बसले तर बसू देत.

अपघात विभागात आम्हाला वैताग येतो तो आणखी एका सवयीचा. दुचाकीतून नळीने, तोंडाने ओढून पेट्रोल काढणे! घोटभर पेट्रोल पोटापेक्षा फुप्फुसात गेलेले जास्त वाईट. काही तासांत न्यूमोनियासारखा दाह होतो. अशा माणसाला मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. उलटीबरोबर पेट्रोल पुन्हा श्वासनलिकेत उतरते. त्याला थेट रुग्णालयात आणा. भाजल्यास वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद काहीही नको.

न दिसणारा धोका धुराचा. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गरगरते. माणसाला वाटते, पित्त झाले. करोनापासून घरोघरी आलेला पल्स ऑक्सिमीटर इथे फसवतो. त्याला हे दोन वायू वेगळे ओळखता येत नाहीत, त्यामुळे आकडा ९८ दिसू शकतो. आकड्यावर न जाता रुग्णाला उघड्या हवेत आणा आणि ऑक्सिजन मिळेल तिथे न्या. जनरेटर जिन्याखाली, बंद पार्किंगमध्ये किंवा कुणाच्या खिडकीखाली नकोच.

तपासणीला फार विद्या लागत नाही. ऑइल, रेडिएटरचे पाणी, पट्टा, बॅटरी आणि खालची फरशी. फरशीवर ओला डाग असेल तर गळती शोधल्याशिवाय चावी फिरवू नये. आसपासची रद्दी, जुन्या खुर्च्या, मंडपाचे कापड उचलावे. पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी हवे, त्यावरची तारीखही वाचावी. जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसू नये. वीज उलटी जाऊन खांबावर काम करणारा वायरमन मरू शकतो. चेंजओव्हर स्विच इलेक्ट्रिशियनकडूनच बसवावा.

मी आमच्या सोसायटीत सुचवले आहे, की महिन्यातून एका रविवारी, वीज असताना, लिफ्ट आणि पंपाचा भार देऊन जनरेटर अर्धा तास चालवून पाहायचा. त्या वेळी रात्रपाळीच्या वॉचमनलाही बोलवायचे. आजवर त्याला ते यंत्र कुणीच नीट दाखवलेले नव्हते.