दगडापुढचा ब्रश

मुळशीत अंगणाला खराटा लागतो आणि घरात केरसुणी; जमीन बदलली की झाडू बदलतो. कर्लिंग या खेळातल्या झाडूची जमीन म्हणजे बर्फ, तोही मुद्दाम खडबडीत केलेला. सुमारे 45 मीटर लांबीच्या पट्टीवर पाण्याचे थेंब शिंपडतात, ते गोठून बारीक पुरळ उठतं. त्यावरून जवळपास 20 किलोचा ग्रॅनाइटचा दगड नेम धरून सोडायचा. त्याचा तळ खोलगट असतो. बर्फाला टेकते ती काही मिलिमीटर रुंदीची कडी तेवढी. सोडताना मुठीला हलका पीळ दिल्यामुळे दगड पुढे जाता जाता वळतो. एकदा हातातून सुटला की त्याला कुणी शिवायचं नाही. मग दोघे गडी ब्रश घेऊन त्याच्यापुढचा बर्फ जीव खाऊन घासतात. घर्षणाने पृष्ठभाग क्षणभर तापतो. दगड लांब जातो आणि कमी वळतो.

पूर्वी हे काम काड्यांच्या झाडूने व्हायचं. त्या काड्या ज्वारीच्याच एका वाणाच्या! तुटलेली काडी बर्फावर पडली की चांगला चाललेला दगड अडखळायचा. पुढे केसांचे ब्रश आले, मग कापड ताणलेले ब्रश आणि कार्बन फायबरचे दांडे. बर्फ तापवायला दाब हवा आणि वेगही. पण दाब वाढवला की हात मंदावतो. म्हणून दांडा हलका ठेवायचा आणि अंगाचा भार ब्रशवर टाकायचा.

2015 मध्ये कॅनडात ब्रश जरा जास्तच सुधारला. नव्या खरखरीत कापडाने बर्फावर ओरखडे उठत आणि घासण्याच्या दिशेप्रमाणे दगड हवा तसा वळवता येई. नेम चुकला तरी घासणारे सावरून घेत. मग फेकणाऱ्याच्या कसबाला किंमत काय? आघाडीच्या संघांनीच असे ब्रश न वापरण्याचं जाहीर केलं. हातातला फायदा खेळाडूंनी आपणहून सोडावा, हे मला फार मोलाचं वाटतं. मे 2016 मध्ये ऑन्टारियोतल्या केम्टव्हिलला शास्त्रज्ञ, खेळाडू आणि कारखानदारांनी मिळून ब्रश तपासले. पुढच्या हंगामापासून जागतिक स्पर्धांत सर्वांना एकच मान्य कापड आलं.

कापडावर बंधन आलं, तर डोकी कापडाखालच्या फोमकडे वळली. फोम कडक, तर दाब जास्त. 2025 मध्ये त्यावरही बंधनं आली. दांडा, त्याची पकड आणि ब्रशचा सांधा यांत मात्र अजून बरंच काही करण्यासारखं आहे.