आधी दुखणे, मग औषध

थोडे करावे, वापरणाऱ्यास दाखवावे, सुधारावे, हे ‘अजाइल’चे सार. २००१ साली अमेरिकेत स्नोबर्ड येथे १७ संगणकतज्ज्ञांनी त्याचा जाहीरनामा काढला. पण त्यात एकच एक पद्धत सांगितलेली नाही. ग्रंथालयाच्या देवघेवीची आज्ञावली लिहिताना आम्हां पाच जणांना हे उशिरा उमगले.

आम्ही ‘स्क्रम’ पत्करले. रोजची पंधरा मिनिटांची बैठक कधी चुकली नाही. तरी परत केलेले पुस्तक थकलेलेच दिसे! स्क्रम कामाची लय सांगते, आज्ञावली कशी लिहावी ते नव्हे. आधी चाचणी, मग लेखन, तेही दोघांनी मिळून, हे केंट बेक यांचे ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ सांगते. एका वेळी किती कामे हाती घ्यावीत, हे टोयोटाच्या कारखान्यातून आलेले ‘कानबान’ शिकवते. तिन्हींची सांगड घातली, तेव्हा कुठे आमची नोंदवही जुळली.